भाऊजींची बादली

तुंबलेली मोरी मोकळी झाली की माझे भाऊजी एक गोष्ट हमखास करतात, आणि त्या गोष्टीमुळे निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्यावर वैतागतात. पाइपातून जे काही निघालं असेल, म्हणजे केसांचा गुंता, चरबीचा गोळा, कुजका भाजीपाला, दाढीचं पातं, एकदा तर चक्क कुणाची तरी कवळी, ते सगळं निळ्या बादलीत भरून घरमालकापुढे नेऊन धरतात. माणूस नाकाला रुमाल लावून "असू दे हो, टाका तिकडे" म्हणत मागे सरकतो. भाऊजी ढिम्म हलत नाहीत. "बघा आधी," म्हणतात. "तुमचंच आहे. बघितलंत तर पुन्हा टाकणार नाही."

मी त्यांची धाकटी मेहुणी. माझा धंदा म्हटला तर तोच आणि म्हटला तर बरोबर उलटा. एका चपलांच्या दुकानावर दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे, तिथे मी माणसांचे आवाज साफ करते. लोक काचेपलीकडे बसून बोलतात आणि मी त्यांचे खोकले, उचक्या, ओठांची चपचप, खुर्चीची करकर काढून टाकते. काम चांगलं झालं की इथे कधी घाण होती हे कुणाच्या लक्षातही येत नाही. काढलेले तुकडे मी पुसत नाही. 'कचरा' नावाच्या एका कप्प्यात ठेवून देते, चुकून काही चांगलं कापलं गेलं असेल तर परत घेता यावं म्हणून. त्या कप्प्यात मी कधी डोकावत नाही. मी या धंद्यात पडल्यापासून भाऊजी मला 'कात्री' म्हणतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवालपवी नको. मला किळस फार लवकर येते. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मी आयुष्यात प्यायलेली नाही. ताईच्या घरी माझा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असतो, आणि त्यावरून भाऊजींनी माझी वीस वर्षं टिंगल केली आहे. "राणीसाहेबांचा कप उतरवा रे," असं ते दारातूनच ओरडायचे.

अशा या भाऊजींच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला. गटाराचा वास मारायला म्हणून त्यांनी वीस वर्षं गालात तंबाखू धरली होती. चट्टा दिसला तेव्हा दातानं चावलं असेल म्हणून सोडून दिलं. आठ महिने. जगाला बादली दाखवत फिरणारा माणूस स्वतःच्या तोंडात आरसा धरून बघेना, आणि बघितलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की अर्धी जीभ काढावी लागेल, मग किरणांचे तीस डोस, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणी, ती कधी संपेल ते सांगता येणार नाही.

मग माणसं यायला लागली. मला त्या माणसांची अजून शिसारी येते. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "तंबाखू खायचे का हो?" ताईनं "हो" म्हटलं की समोरच्या चेहऱ्यावर एक सुटका पसरायची. आपण खात नाही ना, मग झालं तर. ती सुटका मी पंधरा-वीस चेहऱ्यांवर मोजून पाहिली आहे. त्यानंतर उपदेश. मन प्रसन्न ठेवा. काही होत नाही बघा, चुटकीसरशी बरे व्हाल. भाऊजींची आत्या तर आजाराचं नावच घेईना. "ते झालंय म्हणे," असं दबक्या आवाजात म्हणायची, आणि जाताना दाराची कडी पदरानं धरायची.

एका दुपारी भाऊजी हत्यारांच्या पिशवीसकट स्टुडिओत आले.

"कात्री, इथे येऊन लोक बोलतात आणि ते जगभर ऐकतात, बरोबर?"

"पॉडकास्ट म्हणतात त्याला."

"जे म्हणत असतील ते. मला बोलायचंय. जीभ आहे तोवर थोडं, नंतर जमेल तसं. त्या दवाखान्याच्या बाकावर पन्नास माणसं बसतात आणि सगळी कुजबुजतात. घरी येऊनही कुजबुजतात. मला काय काय निघतंय ते दाखवायचंय. काही झाकायचं नाही. तेवढं एक सांभाळ, बाकी तुझं तू बघ."

एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं.

आमच्या स्टुडिओच्या मालकांना मी मनातल्या मनात सरबतसाहेब म्हणते, कारण त्यांच्या तोंडून कुठलीही गोष्ट साखर घातल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्यांना कल्पना एकदम पसंत पडली. एक फळांच्या रसाची कंपनी जाहिरात द्यायला तयार होती. साहेबांनी नाव सुचवलं, 'उमेदीचा सूर'. भाऊजी म्हणाले, "नाव 'बादली'." साहेबांनी बराच वेळ हसून पाहिलं, पण भाऊजी हसले नाहीत, मग नाव 'बादली'च राहिलं. साहेबांनी बदला म्हणून सुरुवातीला पियानोची टुंगटुंग घातली. कुणीतरी पायऱ्यांवरून साखरेचे खडे सोडतंय असं ते वाजतं.

ऑपरेशनच्या आधी चार भाग झाले. पहिल्या भागाची सुरुवात भाऊजींनी अशी केली होती: "नमस्कार. मी नळवाला. मला कॅन्सर झालाय. हा शब्द ऐकून ज्याला हात धुवावेसे वाटतात त्यानं धुऊन यावं, मी थांबतो." आणि ते खरंच थांबले. अर्धा मिनिट घड्याळाकडे बघत गप्प बसले. मी ती शांतता दोन सेकंदांवर आणली. कुणी अर्धा मिनिट ऐकत बसत नाही, हे मला धंद्यानं शिकवलंय. मी चालवलेली पहिली कात्री ती.

त्या चार भागांत त्यांचा आवाज खणखणीत होता. तंबाखूवर ते स्वतःच बोलले, भीतीवर बोलले, ताईनं एकदा न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं त्यावरही बोलले. ऐकणारे वाढत गेले. मग ऑपरेशन झालं. अर्धी जीभ गेली, आणि हाताची कातडी काढून तिचं ठिगळ उरलेल्या जिभेला शिवलं. नाकातून नळी, गळ्याला भोक, नंतर किरणांनी तोंडाची आतून भाजून निघालेली कातडी. मी दवाखान्यात जायचे आणि दारापाशी उभी राहायचे. वास होता. गोडसर, कुजका, फुलदाणीतल्या आठवड्याच्या पाण्यासारखा. ताई त्या वासात चोवीस तास बसून होती आणि मला पाच मिनिटं पुरायची.

चार महिन्यांनी भाऊजी परत काचेपलीकडे बसले.

त्यांचं बोलणं मी इथे नीट अक्षरांत लिहिते आहे. लिहिताना मला दुसरं काही जमत नाही. पण ते तसं नव्हतं. र, ल, त, द ही अक्षरं गेलीच होती. एक शब्द ते चार-चारदा म्हणायचे. मध्येच लाळ साठायची, ती गिळताना मोरीत पाणी उतरावं तसा आवाज व्हायचा, आणि माझ्या कानावर हेडफोन होते, म्हणजे तो आवाज थेट माझ्या डोक्यात. पहिल्याच दिवशी मला बाहेर जाऊन चूळ भरावी लागली. दुसऱ्या वेळेपासून मी युक्ती काढली. त्यांनी गिळायला सुरुवात केली की हेडफोन मानेवर उतरवायचा. नंतर साफ करतानाही आवाज बारीक करून बसायचं आणि पडद्यावरच्या रेघा बघून कापायचं. बोलण्याची रेघ वेगळी असते, गिळण्याची वेगळी. सराव असला की नुसत्या डोळ्यांनी कापता येतं. मी ऐकता ऐकता नव्हे, बघता बघता कापत गेले.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मला माझ्या हातांचा माज. जुन्या चार भागांत भाऊजींची सगळी अक्षरं धडधाकट पडून होती. मी त्यातले र वेचले, ल वेचले, त आणि द वेचले, आणि सुतार खिळ्यांचे डबे लावतो तसे लावून ठेवले. नव्या बोलण्यात जिथे अक्षर मोडलेलं, तिथे जुनं बसवलं. एकेका वाक्याला दीड-दीड तास. असं काम आमच्या धंद्यात फार थोड्यांना जमतं. भाऊजींचा आवाज थोडा जड, थोडा थकलेला, पण स्वच्छ येऊ लागला. मी स्वतःला सांगत होते की हे ऐकणाऱ्यांसाठी आहे.

भाऊजी स्वतःचे भाग ऐकत नसत. "उपसलेली मोरी पुन्हा कोण हुंगतं?" म्हणायचे. ताई मात्र ऐकायची. स्वयंपाकघरात सूप गाळता गाळता लावायची, एकच भाग दोन-तीनदा. ती काही बोलायची नाही, आणि मला वाटायचं की आवडतंय तिला.

सगळ्यांनाच आवडत होतं. सरबतसाहेब तर विरघळले होते. "काय जिद्द आहे! चार महिन्यांत वाचा परत आणली!" खाली ऐकणाऱ्यांचे शेरे: लढवय्ये, प्रेरणा, सलाम. एक जण रोज न चुकता फुलाचं चित्र टाकायचा. भाऊजी बोलले होते ते यातल्या कुणी ऐकलंच नव्हतं, कारण मी ते ठेवलंच नव्हतं. ठिगळाची कातडी हाताची, म्हणून तोंडात केस उगवले होते, भाऊजी म्हणाले होते, "जन्मभर लोकांच्या मोऱ्यांतून केस काढले, आता माझ्याच मोरीत उगवले." ते बोलून स्वतःच इतके हसले की लाळ टेबलावर सांडली. रसाच्या कंपनीला तोंडातले केस कसे चालतील? गेलं कचऱ्यात.

याच सुमारास एक लहानशी गोष्ट झाली, ती इथेच सांगते. परतल्यानंतर पाच-सहा वेळा झाल्यावर भाऊजी स्वतःची हिरवी पाण्याची बाटली घेऊन यायला लागले. मला बरं वाटलं. आता कधी पाणी लागलंच तर स्टुडिओचा पेला त्यांना द्यायला नको, आणि नंतर तो धुवायला नको. एवढाच विचार माझ्या मनात आला होता, त्याहून जास्त नाही.

मग एक दिवस ती बाई आली. पोस्टात कामाला होती, गणवेशातच जिना चढून आली होती. तिचा नवरा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. पंचवीस वर्षं तोच आवाज बाजारभर. त्यालाही तेच झालं होतं, तेच ऑपरेशन, तेवढीच जीभ, भाऊजींच्या दोन आठवडे आधी.

"ते रोज 'बादली' ऐकतात," बाई म्हणाली. "कानाला लावायचं, आरशासमोर बसायचं, आणि तुमच्या नळवाल्यांचं वाक्य जसंच्या तसं म्हणायला बघायचं. येत नाही. पुन्हा. येत नाही. दोन महिने केलं. मग एक दिवस आरसा भिंतीवरून काढला आणि बोलणंच सोडलं. पाटीवर लिहितात. तपासणीला यायला तयार नाहीत. लिहून दाखवलं, 'तो माणूस मेहनती आहे, मी आळशी.' ताई, ते कुठले व्यायाम करतात तेवढं विचाराल का? मी पाया पडते."

भाऊजी त्या दिवशी आतच होते. काचेचं दार उघडून बाहेर आले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बसा ना बाई, दमला असाल."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. काय म्हणाले ते तिला अर्धंच कळलं असावं. तिनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "यांचंही झालंय का? हे कोण?"

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते मला तेव्हा कळलं. "हेच ते," मी म्हटलं.

 बाईनं पर्स उचलली, स्वतःचा पत्ता लिहून आणला होता तो कागद टेबलावर ठेवला आणि निघून गेली.  भाऊजींनी माझ्या गळ्यातला हेडफोन काढला, स्वतःच्या कानाला लावला आणि बोट पडद्याकडे केलं. मी नववा भाग लावला. ते उभ्यानं ऐकत होते. पियानो संपला, त्यांचा आवाज सुरू झाला, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत खालच्या चपलांच्या दुकानाची पाटी वाचत बसले.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

"मी असा बोलतो?"

मी डब्यांचं सांगितलं. र कुठून आणला, ल कुठून. सांगताना मला, देवाशपथ, थोडा अभिमानही वाटत होता, आणि त्याची आज मला सगळ्यात जास्त किळस येते.

भाऊजींनी हेडफोन टेबलावर ठेवला. "मी बादली भरून दिली तुझ्याकडे. तू ती घासूनपुसून लोकांपुढे रिकामी धरलीस. आणि तो माणूस घरी बसून म्हणतोय की घाण फक्त माझ्याच पाइपात." एवढं वाक्य बोलायला त्यांना दोन मिनिटं लागली. मी कुठेही कापू शकत नव्हते.

दहा दिवस ते आले नाहीत. मी सरबतसाहेबांना म्हटलं की जुने भाग काढून टाकू, खरे आवाज घालू. साहेबांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "अगं, लोक हे जेवताना ऐकतात."

ताईकडे गेले. ती ओट्यापाशी सूप गाळत उभी होती. मी सगळं कबूल केलं. ती गाळणं हलवत राहिली. "मला ठाऊक होतं," म्हणाली. "बावीस वर्षं ऐकलाय तो आवाज, मला नाही कळणार? पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला तो हवा होता." तिनं गाळणं आपटलं. "आत खोलीत एक बसलाय, इथे एक वाजतोय. मी इथलाच ऐकत बसायचे. त्यांना हाक मारावी लागली तर काय ऐकावं लागेल म्हणून हाकसुद्धा मारायची नाही. आता सांग, जास्त घाण कोण, तू की मी?"

आम्हा दोघी बहिणींना एकमेकींकडे बघवेना.

अकराव्या दिवशी सकाळी भाऊजींनी खालून गाडीचा हॉर्न दिला. मी खिडकीतून वाकले. "यंत्र घे आणि उतर," एवढंच म्हणाले. मागच्या सीटवर हत्यारांची पिशवी आणि निळी बादली. तो कागदावरचा पत्ता त्यांनी समोरच्या काचेला चिकटवला होता.

लिलाववाल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. भर सकाळी पडदे ओढलेले, भिंतीवर आरशाच्या जागी फिकट चौकोन. तो खुर्चीत पाटी मांडीवर घेऊन बसला होता, उंचापुरा माणूस, शर्टाची कॉलर आता मानेला दोन बोटं सैल. आम्हाला बघून त्यानं मान फिरवली. बायकोनं चहा ठेवते म्हटलं. भाऊजी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले, आणि भांड्यांच्या बेसिनमध्ये साचलेलं पाणी त्यांना दिसलं. मग काय, माणूस पाहुणा म्हणून आलाय की आणखी कशाला, सगळं विसरले. बेसिनखाली शिरले, पाइप सोडवला, आणि अर्ध्या तासानं बादली घेऊन बाहेर आले. बादलीत करड्या रंगाचा, बुळबुळीत, आंबूस लगदा. गिळवत नाही म्हणून ओतून दिलेल्या सगळ्या खिमटांचा आणि सूपांचा. मी एका हातानं नाक दाबलं. यंत्र दुसऱ्या हातात चालू होतं.

भाऊजींनी बादली लिलाववाल्याच्या पायाशी ठेवली. "बघा आधी. तुमचंच आहे."

त्यानं पाहिलं नाही. मग भाऊजी समोर जमिनीवरच बसले, बाटली काढली आणि पाणी प्यायले. निम्मं हनुवटीवरून शर्टात गेलं. त्यांनी ते पुसलं नाही. "माझ्याकडेही रोज एवढंच निघतं," ते म्हणाले. "तुम्ही रोज ऐकता तो मी नाही. म्हणजे मीच, पण जीभ असतानाचा. ही माझी मेहुणी, हिनं तुकडे जोडले. मी असा बोलतो. आत्ता बोलतोय तसा. सकाळी याहून वाईट."

तो माणूस ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची मान इकडे वळली. त्यानं पाटीवर लिहिलं: "म्हणजे खोटं?"

"खोटं."

पाटी त्यानं पुसली नाही, तशीच उलटी ठेवली. घसा साफ केला. आरसा काढल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडून शब्द निघाले, एकेक शब्द चिखलातून पाय उपसावा तसा: "किती घाण बोलता हो तुम्ही."

"आणि तुम्ही?" भाऊजी म्हणाले.

"तेवढंच."

आणि दोघं हसायला लागले. दोन लाळगळ्या माणसांचं ते हसणं कानाला भयंकर होतं. त्याची बायको चहाचा ट्रे धरून दारात उभी होती, तो ट्रे कुठे ठेवावा ते तिला सुचेना. मग लिलाववाल्यानं खाली वाकून बादलीत पाहिलं, नीट, आणि नाक मुरडलं. निघताना तपासणीला दोघांनी एकाच दिवशी जायचं ठरलं.

ते सगळं मी जसंच्या तसं लोकांपुढे ठेवलं, माझ्या घरून, पियानोशिवाय. रसाची कंपनी गेली, फुलाचं चित्र टाकणारा गेला, सरबतसाहेबांनी मला दुसरं काम बघायला सांगितलं. पण हे सगळं नंतरचं. त्याच दिवशी परतताना भाऊजींनी गाडी स्टुडिओपाशी थांबवली आणि म्हणाले, "आता तुझी बादली."

"माझी कसली?"

"कापलेलं ठेवतेस ना कुठेतरी? लाव."

'कचरा' उघडला. दोन तास चाळीस मिनिटं निघाली. मी आवाज बारीक करायला गेले तर त्यांनी माझा हात धरला, हेडफोन स्वतःच्या हातानं माझ्या कानावर बसवला आणि शेजारी स्टूल घेऊन बसले. "बघ आधी. तुझंच आहे."

मी ऐकलं. गिळणं, घुळघुळ, मोडके र, केसांचा विनोद, टेबलावर सांडलेली लाळ.  मध्ये मध्ये, दोन गिळण्यांच्या मधोमध, एक बारीक आवाज येत होता. पडद्यावर त्याची रेघ गिळण्यासारखीच दिसत होती, म्हणून तो मी कधी ऐकला नव्हता. पहिल्या दिवशीच्या मुद्रणात होता, मी चूळ भरायला बाहेर गेले होते तेव्हाचा, मग दुसऱ्या, तिसऱ्या. मी मागे जाऊन पुन्हा लावला.

किरणांनी तोंडातलं पाणी आटवलं होतं, उरली होती ती नुसती चिकट लाळ. ते काचेपलीकडून माझ्याकडे बघत म्हणत होते, आणि मी हेडफोन मानेवर उतरवून समोर बसले होते.

"कात्री, जरा पाणी देतेस?"

पाच दिवस. एका दिवशी चारदा. सहाव्या दिवसापासून ते वाक्य नव्हतं, कारण सहाव्या दिवसापासून हिरवी बाटली होती.

मी हेडफोन काढला. भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. मी उठले, स्टुडिओचा पेला विसळला, भरला आणि त्यांच्यापुढे धरला. ते प्यायले. निम्मं सांडलं. पेला माझ्या हातात परत दिला तेव्हा त्यात दोन घोट उरले होते, आणि काठाला लाळेची तार होती.

मला किळस आली. खोटं सांगत नाही, तेव्हाही आली. मी ते पाणी प्यायले.